दाराचे कुलूप आणि कपाटाचे कुलूप

आपल्या मंडळाच्या वाचनालयास दोन कुलुपे आहेत. एक बाहेरच्या दारास. ते रोज सकाळी उघडते आणि रात्री लागते. त्याविषयी कोणाची तक्रार नाही. दुसरे कुलूप कार्यालयातील लाकडी कपाटास आहे. पूर्वी त्या कपाटात जमाखर्चाच्या वह्या व पावतीपुस्तके असत. गेल्या वर्षापासून तेथे एक पुस्तकही आहे. आपल्या भागाच्या सामाजिक इतिहासावरील त्या पुस्तकात आपल्या ज्ञातीविषयी काही कठोर वाक्ये आहेत, अशी तक्रार काही बांधवांनी केली. कार्यकारी मंडळाने वाद नको म्हणून ते पुस्तक शेल्फावरून काढून कपाटात ठेविले. ते परत बाहेर यावे की नाही, हा प्रश्न येत्या सर्वसाधारण सभेपुढे यावयाचा आहे. त्यापूर्वी या प्रश्नाचा थोडा इतिहास बंधु-भगिनींपुढे ठेवावा, या हेतूने हा लेख आम्ही लिहीत आहोत.

वाचनाच्या अधिकारास आजवर या दोनच कुलुपांनी अडविले आहे. दाराचे कुलूप वाचकास अडविते. ‘तू आत येऊ नकोस’ असे म्हणते. कपाटाचे कुलूप पुस्तकास अडविते. ‘तू बाहेर येऊ नकोस’ असे म्हणते. पहिले कुलूप काढण्यास आपल्या देशास शंभराहून अधिक वर्षे लागली. दुसरे काढण्याचे काम अजून संपलेले नाही.

प्रथम दाराची कथा सांगतो. मुंबईत सन १८०४ मध्ये सर जेम्स मॅकिन्टॉश यांनी एक विद्वत्सभा स्थापिली. आज आपण जिला एशियाटिक सोसायटी म्हणून ओळखतो ती हीच. तिचा ग्रंथसंग्रह पुढे टाऊन हॉलच्या भव्य इमारतीत आला. या देशाच्या भाषा, इतिहास व धर्म यांचा अभ्यास करण्यासाठी निघालेल्या या सभेत पहिली छत्तीस वर्षे या देशाच्या एकाही माणसास सभासदत्व मिळाले नाही. माणेकजी करसेटजी या पारशी गृहस्थांस १८४० साली प्रवेश मिळाला, तेव्हा कोठे ते दार किलकिले झाले.

त्याच सुमारास आपल्या गावोगावी ‘नेटिव्ह लायब्रऱ्या’ निघू लागल्या होत्या. रत्नागिरीस १८२८ मध्ये, नाशिकास १८४० मध्ये आणि पुण्यास १८४८ मध्ये अशी वाचनालये स्थापन झाली. पुण्याच्या वाचनालयाच्या मागे लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांची खटपट होती. या संस्थांनी मोठे काम केले यात संशय नाही. परंतु त्या वर्गणीच्या संस्था होत्या. ज्याच्या खिशात वर्गणी आणि ज्याच्या अंगी इंग्रजी वा मराठी लिहिण्यावाचण्याची विद्या, त्याच्यासाठीच त्या होत्या. शेतकरी, कारागीर, स्त्रिया आणि अस्पृश्य मानलेले बांधव यांना ते दार बंद आहे असे कोणी पाटीवर लिहिले नव्हते. लिहिण्याची गरजच नव्हती. सन १८९३ मध्ये ठाण्यास विनायक लक्ष्मण भावे यांनी मराठी ग्रंथसंग्रहालय उभे केले, तेव्हा मराठीत छापलेला ग्रंथ, मग तो कोणाचाही व कोणत्याही मताचा असो, संग्रही असावा, ही नवी दृष्टी तेथे आली. पुढे १८९८ साली मुंबईसही मराठी ग्रंथसंग्रहालय निघाले.

सर्वांसाठी आणि फुकट वाचनालय ही कल्पना मात्र राज्याच्या पातळीवर प्रथम बडोदे संस्थानात उतरली. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी एका शेतकरी घरात जन्मलेला मुलगा दत्तक जाऊन बडोद्याच्या गादीवर आला आणि श्रीमंत सयाजीराव महाराज झाला, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात आणि १९०६ च्या सुमारास साऱ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. त्यानंतर त्यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला तो असा, की शाळेत शिकलेले मूल शाळा सोडल्यावर वाचणार काय? जवळ पुस्तक नसेल तर पाच-सात वर्षांत आलेली अक्षरे पुसून जावयाची. आम्ही आयुष्यभर शिक्षकाचा पेशा केला. महाराजांची ही चिंता किती खरी होती, हे शाळेत शिकविलेल्या कोणासही वेगळे सांगावे लागणार नाही.

महाराजांनी १९०६ साली अमेरिकेचा प्रवास केला आणि तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली. १९१० मध्ये त्यांनी कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन येथील ग्रंथपाल विल्यम अॅलन्सन बोर्डन यांस बडोद्यास आणले. बोर्डनसाहेब तीन वर्षे राहिले. एवढ्या अवधीत त्यांनी मध्यवर्ती ग्रंथालयाची मांडणी केली, १९११ मध्ये ग्रंथपालांचे वर्ग चालविले आणि ‘लायब्ररी मिसलेनी’ नावाचे नियतकालिक सुरू केले. त्यात इंग्रजी व गुजरातीबरोबर मराठी मजकूरही असे. महाराजांनी आपला खासगी ग्रंथसंग्रह, सुमारे वीस हजार ग्रंथ, लोकांसाठी दिला. स्त्रियांसाठी व मुलांसाठी निराळी दालने झाली.

खेड्यांसाठी जी योजना केली, तिच्यातील शहाणपण आजही विचारात घेण्याजोगे आहे. गावाने वाचनालयासाठी काही रक्कम जमविली की तेवढीच रक्कम प्रांत पंचायतीने द्यावयाची आणि तेवढीच सरकारने. म्हणजे गावाचा एक रुपया तीन रुपयांचे काम करी. आणि गावाने स्वतःचा रुपया घातलेला असल्यामुळे गाव त्या वाचनालयास आपले मानी. जेथे तेवढेही जमणे शक्य नव्हते, तेथे पुस्तकांच्या फिरत्या पेट्या जात. पेटी जाण्यायेण्याचा खर्च सरकारचा. मोतीभाई अमीन यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी हे काम गुजरातेत खेडोपाडी नेले.

पण इतिहास प्रामाणिकपणे सांगावयाचा तर त्याच बडोद्याची दुसरी कथाही सांगितली पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची घडण ग्रंथांनी केली. मुंबईस असताना ते चर्नी रोडच्या बागेत वाचीत बसत. तेथे कृष्णराव अर्जुन केळुसकर या शिक्षकांची दृष्टी त्यांच्यावर पडली. केळुसकर गुरुजींनी त्यांना पुस्तके पुरविली. १९०७ साली ते मॅट्रिक झाले तेव्हा सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्काराची सभा झाली आणि गुरुजींनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्यांस भेट दिले. एका शिक्षकाने एका विद्यार्थ्यास दिलेले एक पुस्तक काय करू शकते, हे पुढे १९५६ साली नागपुरास साऱ्या जगाने पाहिले. आणि हेच ते विद्यार्थी, ज्यांना शाळेत संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही ते शिकू दिले गेले नाही व नाइलाजाने फारशी घ्यावी लागली. संस्कृत ग्रंथांचे दार त्यांच्यापुरते बंद होते.

केळुसकर गुरुजींच्या खटपटीने बडोद्याची शिष्यवृत्ती मिळाली; १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथील ग्रंथालयाच्या दाराशी त्यांना कोणी जात विचारली नाही. १९१७ साली शिष्यवृत्तीच्या करारानुसार ते बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहावयास जागा मिळेना. एका पारशी वसतिगृहात नाव पालटून काढलेले थोडे दिवस, मग काठ्या घेऊन आलेला जमाव, आणि शेवटी सामान सोडून कामाठी बागेत झाडाखाली घालविलेले ते तास. हे सारे त्यांनीच लिहून ठेविले आहे. हिंदुस्थानातील पहिली मोफत ग्रंथालयांची योजना ज्या शहरात निघाली, त्याच शहरात हिंदुस्थानातील एका थोर वाचकास छप्पर नव्हते. राजाने दार उघडले, तरी रूढीने ते पुन्हा लोटले. यावरून आम्ही एवढेच शिकतो, की दार उघडण्याचे काम हुकुमाने सुरू होते, पण पुरे होते ते लोकांच्या मनात.

त्याच बोल्यांनी पुढे १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात ठराव आणला, की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांस खुले असावेत. ठराव संमत झाला. पण महाडच्या तळ्याचे पाणी मिळविण्यासाठी १९२७ साली सत्याग्रह करावाच लागला.

हे दुःख एकट्या आपल्या देशाचे नव्हते. ज्या अमेरिकेतून बोर्डनसाहेब आले, त्या अमेरिकेच्या दक्षिण भागात काळ्या वर्णाच्या माणसास सार्वजनिक ग्रंथालयात पाऊल टाकता येत नसे. व्हर्जिनिया राज्यातील अलेक्झांड्रिया गावी सॅम्युअल टकर नावाचे तरुण काळे वकील राहत. गावचे ग्रंथालय त्यांच्या घराजवळच होते. पण ते गोऱ्यांचे. २१ ऑगस्ट १९३९ रोजी त्यांनी आखल्याप्रमाणे पाच काळे तरुण एकामागून एक आत गेले. प्रत्येकाने सभासदपत्र मागितले. नकार मिळताच प्रत्येकाने शेल्फावरचे एक पुस्तक घेतले आणि निरनिराळ्या मेजांशी बसून ते मुकाट्याने वाचू लागले. आरडाओरडा नाही, घोषणा नाहीत. पोलिसांनी त्यांना पकडून नेले. आरोप ठेविला तो गैरशिस्त वर्तनाचा! पुढे नगरपालिकेने त्यांच्यासाठी एक निराळे, लहान ग्रंथालय बांधले. त्याचे सभासदपत्र घेण्यास टकर यांनी नकार दिला. आम्हांस हवे ते सर्वांचे ग्रंथालय, आमच्यापुरते वेगळे नव्हे, हे त्यांचे म्हणणे होते. त्या पाच तरुणांवरील आरोप न्यायालयाने रीतसर काढून टाकले ते २०१९ साली, ऐंशी वर्षांनी.

आता कपाटाच्या कुलुपाकडे वळू. हे कुलूपही आपल्यास अपरिचित नाही. तुकाराम महाराजांच्या वह्या इंद्रायणीत बुडविल्या गेल्या, ही कथा आपण कीर्तनात लहानपणापासून ऐकत आलो. ज्याने बोलू नये असे ठरले होते तो बोलला, हाच त्या वह्यांचा अपराध. वह्या तरल्या असे परंपरा सांगते. आम्हांस वाटते की त्या लोकांच्या मुखात होत्या म्हणून तरल्या.

इंग्रजी राज्यात हे काम कायद्याने होऊ लागले. १८७८ साली लॉर्ड लिटन यांनी देशी भाषांतील वृत्तपत्रांची गळचेपी करणारा कायदा आणला. तो १८८२ साली रद्द झाला. परंतु १९१० च्या मुद्रण कायद्याने पुन्हा पुस्तके जप्त करण्याचा सपाटा सुरू झाला. स्वा. सावरकरांचा १८५७ वरील ग्रंथ तर १९०९ साली प्रसिद्ध होण्यापूर्वीच निषिद्ध ठरला. दुसऱ्याच पुस्तकांची वेष्टने घालून त्याच्या प्रती चोरून आणाव्या लागत. त्यावरील बंदी १९४६ साली उठली. महात्मा गांधींचे ‘हिंद स्वराज्य’ १९१० साली मुंबई सरकारने निषिद्ध केले. ६ एप्रिल १९१९ रोजी गांधीजींनी मुंबईच्या रस्त्यावर उभे राहून ते उघडपणे विकले. चार आण्यांचे पुस्तक. लोकांनी खिशात असेल ते दिले, एकाने तर एका प्रतीस पन्नास रुपये दिले. घेणाऱ्यास पकडले जाण्याचा धोका आहे, हे आधीच सांगितले जात होते. तरी लोक घेत होते. सरकारने पुढे, ही तर नवी आवृत्ती आहे, निषिद्ध ती जुनी, अशी सबब सांगून हात झटकले. बंदी लोकांनी जुमानली नाही की बंदी घालणाऱ्याची अशी त्रेधा उडते.

आता जी गोष्ट सांगावयाची आहे ती आमच्या मते आपल्या प्रश्नास सर्वांत जवळची आहे. अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात दुष्काळाने व कर्जाने देशोधडीस लागलेली शेतकरी कुटुंबे पोटासाठी कॅलिफोर्नियात आली. बागाईतदारांनी त्यांना कसे वागविले याचे चित्र जॉन स्टाइनबेक यांनी ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’ या कादंबरीत १९३९ साली रंगविले. त्याच कॅलिफोर्नियातील कर्न नावाच्या जिल्ह्याच्या कारभारी मंडळास हे झोंबले. या पुस्तकाने आमच्या जिल्ह्याची बदनामी केली, असे म्हणून त्यांनी ऑगस्ट १९३९ मध्ये चार विरुद्ध एक अशा मतांनी ठराव करून ते आपल्या सर्व ग्रंथालयांतून व शाळांतून काढविले. जिल्ह्याच्या ग्रंथपाल ग्रेचेन नीफ या बाई होत्या. नोकरी मंडळाच्या हातची असूनही त्यांनी मंडळास पत्र लिहून ठरावाचा निषेध केला. आज एक पुस्तक काढाल, उद्या दुसरे, आणि याला अंत राहणार नाही. विचार दाबल्याने मरत नाहीत, असा त्या पत्राचा आशय होता. ठराव पाळणे भाग होते, म्हणून काढलेल्या प्रती त्यांनी दुसऱ्या ग्रंथालयांस वाचावयास पाठविल्या. जानेवारी १९४१ मध्ये बंदी उठली. कादंबरीस पुलित्झर पारितोषिक मिळाले होते. लेखकास पुढे १९६२ साली नोबेल पारितोषिकही मिळाले. त्या जिल्ह्याची बदनामी कादंबरीने किती झाली हे सांगणे कठीण. ठरावाने झाली ती मात्र इतिहासात कायमची नोंदली गेली.

त्याच काळात डे मॉइन या शहराचे ग्रंथपाल फॉरेस्ट स्पॉल्डिंग यांनी एक छोटा जाहीरनामा तयार केला. युरोपात १० मे १९३३ रोजी जर्मनीच्या चौकाचौकांत विद्यार्थ्यांनी ग्रंथांच्या होळ्या पेटविल्या होत्या. त्या आगीची धग सर्वांस जाणवत होती. नोव्हेंबर १९३८ मध्ये शहराच्या ग्रंथालयाने व जून १९३९ मध्ये अमेरिकेच्या ग्रंथालय संघाने तो जाहीरनामा स्वीकारला. त्यात तीन गोष्टी होत्या. पुस्तक निवडताना लेखकाचा वंश, देश, धर्म वा राजकीय मत पाहू नये. वादग्रस्त प्रश्नाच्या सर्व बाजूंची पुस्तके ठेवावीत. ग्रंथालयाचे सभागृह सर्व गटांस सारख्या नियमाने मिळावे. या जाहीरनाम्यात वाचकाच्या दाराचा उल्लेख नव्हता. वंश, धर्म वा मत यांवरून कोणास ग्रंथालयाचा उपयोग नाकारू नये, हे वाक्य १९६१ साली त्यात आले. म्हणजे त्यांनी प्रथम कपाट उघडले आणि मग दार. आपण दार उघडले आहे; कपाट उघडावयाचे राहिले आहे.

आपल्याकडेही याचा पाया भक्कम आहे. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. प्रत्येक वाचकास त्याचा ग्रंथ मिळावा आणि प्रत्येक ग्रंथास त्याचा वाचक मिळावा, ही त्यांतील दोन. पहिले सूत्र दाराचे आहे व दुसरे कपाटाचे, असे आम्ही आमच्यापुरते म्हणतो. १० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा केला. त्याच्या एकोणिसाव्या कलमात विचार मांडण्याबरोबरच माहिती शोधण्याचा व मिळविण्याचाही हक्क आहे. त्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघणारे शब्द काढून ‘सर्व मानव’ असे शब्द घालावयास लावणाऱ्या हंसाबेन मेहता या बडोद्याचे दिवाण मनुभाई मेहता यांच्या कन्या. आमच्या राज्यघटनेच्याही एकोणिसाव्याच कलमात विचारस्वातंत्र्य आहे. त्यावर वाजवी निर्बंध घालण्याची तरतूद आहे, पण तो निर्बंध कायद्याने घालावयाचा आहे, चार माणसांच्या रागाने नव्हे. सरकारने एखादे पुस्तक जप्त केले तरी त्याविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागता येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही ही सोय ठेविली आहे. सरकारने घातलेल्या बंदीवर न्यायालय आहे. आपल्या कपाटाच्या कुलुपावर कोणते न्यायालय आहे?

राग अनावर झाला म्हणजे काय होते, हे आपण ५ जानेवारी २००४ रोजी पुण्यात पाहिले. एका परदेशी लेखकाच्या पुस्तकावरून भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर जमाव चालून गेला आणि १९१७ पासून जपलेल्या संग्रहाची नासधूस झाली. ज्या पुस्तकाचा राग होता, त्याच्या एका अक्षरासही धक्का लागला नाही. गेली ती आपली पोथ्यापुस्तके.

आता आपल्या पुस्तकाविषयी. त्यातील ज्या मजकुरावर आक्षेप आहे तो आम्ही पूर्ण वाचला. आक्षेप घेणाऱ्यांपैकी बहुतेकांनी एका पानाचे छायाचित्र आपल्या मोबाइलवर पाहिले होते. पुस्तक पाहिले नव्हते. त्या पानावर असे लिहिले आहे, की एके काळी आपल्या ज्ञातीच्या पंचांनी मुलींना शाळेत घालणाऱ्या कुटुंबांस वाळीत टाकले होते. पुढच्याच पानांवर आपल्या ज्ञातीच्या दात्यांनी बांधलेल्या विहिरी व धर्मशाळा यांचे मनापासून कौतुक आहे. ते कोणी पाहिले नाही.

मजकूर कठोर आहे, हे आम्ही मान्य करतो. पण तो खोटा आहे काय? आमच्या आजीस लिहिता येत नव्हते. का येत नव्हते असे आम्ही लहानपणी विचारले, तेव्हा तिने सांगितले, ‘अरे, माझ्या थोरल्या बहिणीस शाळेत घातले, तर आमच्या घरचे पाणी बंद झाले. मग मला कोण घालणार?’ आजीची ही गोष्ट आम्ही पन्नास वर्षे घरात ठेविली. कोणा त्रयस्थ लेखकाने ती शोधून छापली, तर त्यात त्याचा अपराध कोणता? आज आपल्याच वाचनालयाच्या अभ्यासिकेत आपल्या मुली रात्री आठपर्यंत स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करीत बसतात. त्या कोणता डोंगर चढून येथवर आल्या, हे त्यांना कोणी सांगावयाचे? ते पान त्यांच्या आजी-पणजींचे चरित्र आहे. ते आपण त्यांच्यापासूनच कुलूपबंद केले आहे.

वाळीत टाकण्याची ती दुष्ट चाल आता कायद्याने गुन्हा आहे; महाराष्ट्राने २०१६ साली त्यासाठी स्वतंत्र कायदाच केला. माणसास वाळीत टाकणे आपण सोडले. मग पुस्तकास वाळीत का टाकावे?

आक्षेप घेणाऱ्या बांधवांविषयी आम्हांस आदर आहे. त्यांचे दोन मुद्दे विचार करण्यासारखे आहेत. पहिला असा, की वाचनालय मंडळाचे, पैसा ज्ञातीचा. आपल्यावर टीका करणारे पुस्तक आपण आपल्या पैशाने का ठेवावे? उत्तर असे, की पुस्तकांची निवड करणे हा मंडळाचा अधिकार आहेच. पैसा थोडा, जागा थोडी. सर्वच पुस्तके कोणासही घेता येत नाहीत. पण निवड करणारा ‘वाचकास उपयोगी काय’ असे विचारतो. पुस्तक उचलून नेणारा ‘मला नकोसे काय’ असे विचारतो. या दोहोंत महदंतर आहे. दुसरा मुद्दा असा, की मजकूर चुकीचा असेल तर काय? तर त्याचे उत्तर लिहावे. आपल्या ज्ञातीत लिहिणारे कमी नाहीत. जुने कागद, पंचांच्या वह्या, घरोघरची पत्रे काढावीत आणि सप्रमाण खंडन करून तेही त्याच पुस्तकाशेजारी ठेवावे. खोटी बदनामी असेल तर न्यायालयाचे दार उघडे आहे. लहान मुलांसाठी वयास योग्य पुस्तकांचे निराळे शेल्फ असावे, हेही आम्हांस मान्य आहे. पण मोठ्यांना कोणी लहान समजू नये.

येथे आम्हांस आमचाही एक दोष कबूल केला पाहिजे. शाळेत असताना ग्रंथपेटीची किल्ली कित्येक वर्षे आमच्याकडे होती. तपासणीच्या वेळी एखादे पुस्तक कमी भरले तर त्याची किंमत आमच्या पगारातून जाईल, या भीतीने आम्ही पेटी बहुधा बंदच ठेवीत असू. तपासणीत एकही पुस्तक कधी कमी भरले नाही, शाबासकीही मिळाली. सेवानिवृत्तीच्या वेळी पेटी दुसऱ्या शिक्षकांच्या स्वाधीन करताना उघडली, तो पुष्कळशा पुस्तकांची पाने एकमेकांस चिकटलेली होती, काही पाने तर कधी फाडून सुटी केलेलीच नव्हती. ती पुस्तके आम्ही सांभाळली. ज्या मुलांसाठी ती होती ती मुले मात्र वाचल्यावाचून शाळा सोडून गेली. आज त्यांतील काही बाप्ये माणसे रस्त्यात भेटतात, वाकून नमस्कार करतात, तेव्हा आम्हांस त्या पेटीची आठवण होते. कुलूप लावणाऱ्याचा हेतू वाईटच असतो असे नाही; पण कुलुपाचा परिणाम एकच असतो.

म्हणून येत्या सभेपुढे आमची सूचना थोडक्यात अशी आहे. ते पुस्तक परत शेल्फावर ठेवावे. आपल्या वाचनालयात यापुढे आक्षेपांची एक वही असावी. ज्यास एखाद्या पुस्तकाविषयी तक्रार असेल त्याने प्रथम ते पुस्तक आपल्या नावावर घेऊन पूर्ण वाचावे व मग वहीत पृष्ठांक देऊन लेखी आक्षेप नोंदवावा. तो आक्षेप इतर वाचकांसही वाचावयास मिळावा. उत्तर लिहिणाऱ्यास पुढील वर्षाच्या याच स्मरणिकेत जागा द्यावी. मात्र कोणत्याही पुस्तकाची रवानगी कार्यालयाच्या कपाटात होऊ नये.

आपली ज्ञाति एखाद्या पानाने लहान होईल इतकी ती दुबळी नाही. आपल्या पूर्वजांच्या चुका सांगणारे पुस्तक ज्या ज्ञातीच्या वाचनालयात उघड्यावर असते आणि त्या ज्ञातीच्या मुली ते उघड्यावर बसून वाचतात, त्या ज्ञातीस कोणाच्या शिफारसपत्राची गरज पडत नाही. कपाटात जमाखर्चाच्या वह्याच शोभतात. किल्ली चिटणिसांकडे आहे. सभा सुज्ञ आहे. इत्यलम्.